आधी चाल

१९४४ साली हॉलिवुडमधून दोन चित्रपट आले. ‘लॉरा’ खुनाच्या तपासाचा, ‘द अनइन्व्हाइटेड’ झपाटलेल्या घराचा. पहिल्याचं संगीत डेव्हिड रॅक्सिनचं, दुसऱ्याचं व्हिक्टर यंगचं. आज हे चित्रपट जुन्या सिनेमाचे शौकीन तेवढे शोधून बघतात. पण त्यांतल्या दोन चाली, ‘लॉरा’ आणि ‘स्टेला बाय स्टारलाइट’, न्यूयॉर्कच्या कुठल्या ना कुठल्या क्लबात अजूनही सतत कानावर पडतात. चाली टिकल्या, चित्रपट मागं पडले. यात आम्हा जॅझवाल्यांचा मोठा हात आहे. मात्र त्या टिकवताना आम्ही त्यांच्या अंगावरचं काय काय उतरवून ठेवलं, हे मला चौघांनी मिळून केलेल्या एका रेकॉर्डिंगमध्ये कळत गेलं.

मी गिरगावात वाढले. धोबी तलावच्या फुर्ताडोच्या दुकानातून आणलेल्या वह्यांवर पियानो शिकले, परीक्षा दिल्या आणि आता बरीच वर्षं जर्सी सिटीत राहून पियानोवर पोट भरते. शिकवण्या असतात, हॉटेलातल्या संध्याकाळी असतात, गायकांच्या तालमींना साथ असते आणि मिळेल तेव्हा क्लबातला सेट. वाजवणं बीबॉपच्या वळणाचं. १९४० च्या दशकात हार्लेममध्ये, ११८ व्या रस्त्यावरच्या ‘मिंटन्स प्लेहाउस’सारख्या ठिकाणी रात्र रात्र बसून जी मंडळी नवं काही शोधत होती, थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर, केनी क्लार्क, त्यांची ही भाषा. लय चढी, कॉर्ड्स दाट, आणि त्या कॉर्ड्सच्या आतून धावणारी सलग, वळणावळणाची सुरावट. आधीच्या जॅझवर लोक नाचत. हे बसून, कान देऊन ऐकायचं संगीत झालं. पियानोवर ही भाषा ज्याच्या बोटांतून पक्की झाली तो बड पॉवेल. त्याचा उजवा हात सॅक्सोफोनसारखा श्वास घेत चालतो आणि डावा मधूनच दोन-दोन सुरांचे तोकडे आधार देतो.

बीबॉपवाल्यांचा गाण्याशी व्यवहार सरळ होता. गाण्याची मूळ चाल, जिला आम्ही ‘हेड’ म्हणतो, ती एकदा वाजवायची. मग त्याच कॉर्ड्सची फेरी पुन्हा पुन्हा चालू ठेवून वर आपली सुरावट रचायची. शेवटी पुन्हा हेड. पुष्कळदा हेडही गळून पडायची. ‘हाउ हाय द मून’च्या कॉर्ड्सवर नवी चाल बसवली की ‘ऑर्निथॉलॉजी’ झाली, ‘चेरोकी’च्या कॉर्ड्सवरून पार्करनं १९४५ मध्ये ‘को-को’ उभं केलं. कॉर्ड्सच्या क्रमावर कुणाची मालकी लागत नाही, चालीवर लागते. त्यामुळे नवी चाल केली की मानधन आपल्याकडे राहतं, हाही भाग होताच. कृष्णवर्णीय वादकांना त्या काळात जे मिळत होतं ते पाहता यात वावगं काहीच नाही. पण यातून आमच्या पिढ्यांना एक सवय लागली. हेड म्हणजे सोलोला पोचायचा जिना, अशी.

ही सवय मोडायला मला लावली ती बॅरी हॅरिस यांनी. डेट्रॉइटचे हे पियानोवादक मॅनहॅटनमध्ये अनेक दशकं वर्ग घेत. नव्वदीतही घेत होते. २०२१ च्या डिसेंबरात, ९१ व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या वर्गात कुणालाही मज्जाव नव्हता. आधी पियानोवाले एकाच पियानोभोवती गर्दी करून उभे राहायचे, मग गायक, मग रात्री उशिरापर्यंत वाद्यांवर सुरावटी रचणारे. ते स्वतः गाऊन वाक्य सांगायचे आणि सगळ्या खोलीनं ते उचलायचं. मेजर सिक्स्थच्या कॉर्डला शेजारची डिमिनिश्ड जोडून त्यांनी आठ सुरांचं एक स्केल शिकवण्याच्या केंद्रस्थानी आणलं होतं. सी पट्टीत सा ते नी हे सात सूर आणि मध्ये कोमल धैवत. एक कॉर्ड विसाव्याची, पुढची अस्वस्थ, पुन्हा विसाव्याची, असं ते वर चढत जातं. बाहेरच्या जगाला ही क्लृप्ती वाटते. वर्गात बसल्यावर समजायचं की त्यांना यातून एकच गोष्ट साधायची आहे: चालीचा प्रत्येक सूर कुठल्या ना कुठल्या कॉर्डच्या माथ्यावर नीट बसला पाहिजे, लोंबकळता कामा नये. वेगवान सोलो वाजवून दाखवणाऱ्या तरुणांना ते बॅलड वाजवायला बसवायचे आणि खोली शांत व्हायची, कारण तिथं लपायला जागा नसते.

आमच्या चौकडीत पियानो, डबल बेस, ड्रम्स आणि टेनर सॅक्सोफोन. बेसवादक माझ्याच वयाची, ड्रमर आमच्याहून तरुण, आणि टेनर वाजवणारे सत्तरीच्या पुढचे, फिलाडेल्फियाचे. त्यांनी कोवळ्या वयात ज्यांच्याबरोबर वाजवलं आहे ती नावं ऐकूनच आम्ही दबून असतो. रेकॉर्ड काढायची तर विषय काय, यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी ठरलं, चित्रपटांसाठीच लिहिल्या गेलेल्या चाली. नाटकातून चित्रपटात आलेल्या नकोत. त्यातल्या त्यात १९४० च्या दशकातल्या, म्हणजे बीबॉप ज्या वर्षांत घडत होतं त्याच वर्षांत चार-साडेचार हजार किलोमीटरवर, कॅलिफोर्नियात लिहिल्या गेलेल्या.

हे दोन कारखाने एकमेकांना फारसे ओळखत नव्हते. तिकडे वाद्यवृंदासाठी लिहिणारे, युरोपीय शिस्तीत तयार झालेले लोक. व्हिक्टर यंग जन्मानं शिकागोचा पण शिकला वॉर्सात. ‘ऑन ग्रीन डॉल्फिन स्ट्रीट’ लिहिणारा ब्रॉनिस्लाव्ह केपर तर मूळचा वॉर्साचाच. इकडे हार्लेममधले रात्रपाळीचे शोधक. तरीही यंगची चाल पार्करनं १९५२ मध्ये तंतुवाद्यांसह वाजवली, ‘लॉरा’ त्याआधीच, १९५० मध्ये. बड पॉवेलनं १९४७ च्या आपल्या पहिल्या ट्रायो रेकॉर्डिंगमध्ये ‘आय विल रिमेंबर एप्रिल’ घेतलं. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या ‘राइड एम काउबॉय’ या १९४२ च्या चित्रपटातलं हे गाणं. विनोदी काउबॉयपटातली चाल पाच वर्षांत बीबॉपच्या पहिल्या रांगेतल्या पियानोवादकाच्या हाती येते आणि तिथून कायमची आमची होते. मला या प्रवासाचं अजूनही आश्चर्य वाटतं.

तयारीसाठी मी आधी चित्रपट बघायला घेतले आणि लिंकन सेंटरमधल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन जुनी छापील गाणी काढली. आम्ही सगळे ज्या वह्यांतून शिकलो त्यांत कॉर्ड्स जॅझवाल्यांनी बदललेल्या असतात. पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलेल्या. मूळ कागद पाहिला की कळतं, कुठली वाट कुणी पाडली.

‘लॉरा’ची गोष्ट त्या कागदावरच उलगडली. ऑटो प्रेमिंजर या दिग्दर्शकाला चित्रपटात ड्यूक एलिंग्टनचं ‘सॉफिस्टिकेटेड लेडी’ वापरायचं होतं. रॅक्सिन म्हणाला, हे या चित्रपटाला चालणार नाही. मग त्याला नवी चाल करून आणायला शनिवार-रविवार मिळाला. चित्रपटात लॉरा मेली असं सगळे धरून चाललेले असतात. तपास करणारा पोलीस तिच्या भिंतीवरच्या तसबिरीच्या प्रेमात पडतो. नसलेल्या बाईभोवती अख्खा चित्रपट फिरतो, आणि चाल पुन्हा पुन्हा येत राहते. आता ती चाल पाहा. पट्टी सी. पण सुरुवात सीच्या आसपासही नाही. पहिली ओळ जीकडे नेते, वाटतं हेच घर. दुसरी ओळ तेच वाक्य एक सूर खाली उतरवून एफमध्ये सांगते. मग आणखी खाली, ई फ्लॅट. प्रत्येक वेळी आपण उंबऱ्यापाशी पोचतो आणि घर पुढं सरकतं. ज्या सीचं हे गाणं आहे तो विसाव्याचा षड्ज अगदी शेवटच्या मापांत हाती लागतो. दोन दिवसांत लिहिलेल्या चालीत एका माणसानं चित्रपटाचं हृदय कॉर्ड्समध्ये ठेवून दिलं. जॉनी मर्सरनं शब्द लिहिले ते चित्रपट आल्यानंतर, १९४५ मध्ये. तोवर चाल बिनशब्दांचीच लोकांच्या मनात बसली होती.

इतकी वर्षं ‘लॉरा’ म्हणजे माझ्यासाठी एकेक सूर खाली उतरणाऱ्या तीन पट्ट्या होत्या. सोलोला सोयीच्या. एकच वाक्य तीन जागी वाजवून दाखवता येतं, ऐकणारे खूश होतात. आता दर ओळीला ते ‘घर सापडलं’ आणि ‘नाही सापडलं’ ऐकू यायला लागलं आणि ती सोय वापरणं मला जड जाऊ लागलं.

‘स्टेला’चं प्रकरण आणखी गुंतलेलं. चित्रपटातला नायक संगीतकार आहे आणि तो पियानोवर बसून ही चाल स्टेलासाठी वाजवतो. छापील गाण्यात पहिली कॉर्ड आहे बी फ्लॅट डिमिनिश्ड. म्हणजे तळाशी पट्टीचा षड्ज घट्ट, आणि त्याच्यावरच त्याला छेद देणारे सूर. प्रेमगीताची सुरुवात, आणि पायाखाली काहीतरी बरोबर नाही. झपाटलेल्या घरात हेच हवं. जॅझवाल्यांनी तिथं ई हाफ-डिमिनिश्ड आणि ए सेव्हन घातली. लांबून येणारी, चाल पुढं ढकलणारी. सोलोला ती कितीतरी चांगली, कारण तिच्यातून वाट निघते. या रूपात घराची कॉर्ड नवव्या मापात पहिल्यांदा भेटते. बत्तीस मापांचं गाणं, आणि चार ओळींतली एकही दुसरीची हुबेहूब पुनरावृत्ती नाही. शिकणारे रडकुंडीला येतात ते यामुळेच. आम्ही ठरवलं की हेडला यंगची कॉर्ड ठेवायची आणि सोलोला आपली. बेसवादिकेला हे मनापासून पटलं नाही. तिच्या मते ऐकणाऱ्याला वाटेल आम्ही चुकलो. मी म्हटलं, वाटू दे. दुसऱ्यांदा ऐकताना वाटणार नाही.

रेकॉर्डिंगच्या आधी आणखी एक मोठा निर्णय होता, बसायचं कसं. हल्ली बहुतेक स्टुडिओंत प्रत्येक वाद्याला काचेमागची वेगळी खोली असते. सगळे कानाला हेडफोन लावून वाजवतात आणि नंतर कुणाचीही जागा सुधारता येते. आम्ही चौघं एका खोलीत, हेडफोनशिवाय बसलो. पियानोचं झाकण अर्ध्यावर, हातोड्यांच्या वर दोन माइक, बेस माझ्या डावीकडे हाताच्या अंतरावर, ड्रम्स समोर, टेनर मधल्या जागेत. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं आधीच बजावलं होतं की ड्रम्सचा आवाज पियानोच्या माइकमध्ये येणार, पियानोचा बेसच्या माइकमध्ये, आणि मग एखाद्याचा सूर काढून तिथं दुसरा बसवता येणार नाही. टेक लागला तर अख्खा, नाही तर नाही. आम्हाला तेच हवं होतं. ब्रशचा कातड्यावरचा घासता आवाज हवेतून ऐकू आला की बोटं आपोआप हलकी होतात. कानात तारेनं आलेला तोच आवाज हे करत नाही.

‘एप्रिल’ पटकन झालं. ती चाल वेगात ठेवली, अठ्ठेचाळीस मापांची लांब फेरी, सगळ्यांच्या अंगात मुरलेली. पहिल्याच टेकला काचेपलीकडून अंगठा वर आला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेगात बीबॉप वाजवणं हे आमचं रोजचं काम आहे.

मग ‘लॉरा’. लय ठाय, मिनिटाला साठाच्याही खाली. हेड माझ्याकडे, टेनर दुसऱ्या भागापासून. एक टेक झाला, ऐकला. सगळं जागच्या जागी होतं. दुसरा झाला. तोही. टेनरवाले आपली खुर्ची ओढून पियानोपाशी आले आणि म्हणाले, “शब्द म्हण.”

“गाऊ?”

“गाऊ नकोस. नुसते म्हण. कुणाला सांगते आहेस तसे.”

मी मर्सरचे शब्द म्हटले. खोलीत चौघं, काचेपलीकडे एक जण, आणि मी गिरगावी उच्चारांत एका बाईचं वर्णन करते आहे. मी संपवल्यावर ते म्हणाले, “श्वास कुठं घेतलास ते बघितलंस? पियानोला फुप्फुसं नाहीत, म्हणून तुम्ही लोक थांबतच नाही.”

डेक्स्टर गॉर्डन बॅलड सुरू करण्याआधी श्रोत्यांना गाण्याचे पहिले शब्द म्हणून दाखवायचा, हे मी वाचलं होतं, चित्रफितींत पाहिलंही होतं. तो लकबीचा भाग असेल असं वाटायचं. आता लक्षात आलं की तो स्वतःलाच श्वासाच्या जागा सांगत असणार. आम्ही पियानोवाले चालीतली प्रत्येक मोकळी जागा भरतो. एखादा लांब सूर आला की त्याखाली डाव्या हातानं काहीतरी, वर उजव्या हाताची एखादी झालर. आर्ट टेटमपासून चालत आलेली ही परंपरा आहे आणि टेटमच्या हातात ती अलौकिकच होती. पॉवेलनंही बॅलडला तीच वाट धरली. पण टेटम बहुधा एकटा वाजवायचा. इथं शेजारी बेस आहे, तो तळ सांभाळतो आहे. ब्रश काळ सांभाळतो आहे. मग माझ्या डाव्या हातानं षड्ज पुन्हा कशाला सांगायचा?

पुढच्या टेकला मी डाव्या हातात दोनच सूर ठेवले, कॉर्डचा तिसरा आणि सातवा, आणि तेही जिथं ओळ संपते तिथंच. चालीचा लांब सूर दाबला की तो पियानोवर हळूहळू विरत जातो. त्याचं विरणं ऐकत बसायचं. हे सांगायला सोपं आहे. माइक चालू असताना तीन-चार सेकंद हात न हलवणं मला अतिशय कठीण गेलं. पण बेसवादिकेनं त्या मोकळ्या जागेत एक सूर असा खाली सरकवला की एफ ते ई फ्लॅटचा उतार मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. माझा हात तिथं असता तर तो तिच्या मनात आला नसता. तो टेक ठेवला. सोलोही एकच फेरीचा, तोही टेनरचा. माझा सोलो मी काढून टाकायला सांगितला. ड्रमरला वाईट वाटलं. मला वाटलं नाही. ती हेडच माझं म्हणणं होती.

लांबीचा विचारही याच वेळी बदलला. पॉवेलचं १९४७ चं काम ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या काळातलं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्यात हेड, सोलो आणि शेवट. एलपी आल्यावर सोलो लांबले, आणि आता तर कुठलीच सीमा नाही. आम्ही सीमा आपणच घालून घेतली. वेगाच्या गाण्यात हवं तेवढं वाजवा, पण चाल ठाय असेल तर फेरी एकच. माझ्या मते तबकडीच्या त्या तीन मिनिटांनी बीबॉपचं भलंच केलं. तेव्हाच्या सोलोंत एकही वाक्य वेळ काढत बसलेलं नाही.

‘ऑन ग्रीन डॉल्फिन स्ट्रीट’ १९४७ च्या चित्रपटातलं. चित्रपटातला भूकंप त्या वर्षी ऑस्कर घेऊन गेला. चाल मात्र जॅझमध्ये खऱ्या अर्थानं रुजली माइल्स डेव्हिसनं १९५८ मध्ये, बिल एव्हान्सला पियानोवर घेऊन वाजवल्यावर. अहमद जमालनं त्याआधीच ती हेरली होती. तिची खुबी सुरुवातीच्या मापांत आहे. तळाचा बेस एकाच सुरावर खिळलेला, आणि वर कॉर्ड्स सरकत राहतात, मेजर, मायनर, मग एकेक पायरी उतरत पुन्हा घरी. मुंबईत वाढलेल्या कानाला तळाशी न हलणारा षड्ज परका नसतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच ही चाल मला इतर स्टँडर्ड्सपेक्षा जवळची वाटली होती, आणि याच चालीनं रेकॉर्डवरचा सगळ्यात अवघड प्रश्न सोडवायला मदत केली.

तो प्रश्न होता ‘अलबेला’चा. एक भारतीय चाल घ्यायची अशी माझी इच्छा होती आणि बाकीचे तिघं उत्सुक होते. मला मात्र फ्यूजन नावाखाली जे चालतं ते नको होतं. सितारीची आठवण करून देणारी एखादी झलक, वर तबला, की झालं भारतीय. खरं नातं त्याहून जुनं आणि सरळ आहे. पुणतांब्याचे संगीतकार रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि गोव्याचे ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांनी १९५१ मध्ये ‘अलबेला’ या हिंदी चित्रपटात एकत्र काम केलं. चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला बसत. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही मंडळी नसती तर त्या काळच्या हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद उभा राहिला नसता. हार्लेम ते हॉलिवुड हा रस्ता जितका लांबचा होता, तितका मुंबईत नव्हता. इथं दोन्हीकडे तीच माणसं होती.

सगळ्यांना वाटलं मी नाचाचं गाणं घेणार. मी अंगाई घेतली, ‘धीरे से आजा री अँखियन में’. लता मंगेशकरांची, पिलू रागाच्या वळणाची. आधी मी तिला बीबॉपच्या पद्धतीनं कॉर्ड्स लावून पाहिल्या. दोन-पाच-एक, दोन-पाच-एक, प्रत्येक ओळीला नवी वाट. कागदावर देखणं दिसत होतं. वाजवल्यावर अंगाई उठून बसली. ज्या चालीचं कामच झोपवणं आहे तिला दर मापाला कुठंतरी नेणाऱ्या कॉर्ड्स कशा चालतील? ‘लॉरा’ घर शोधते म्हणून तिला तशा कॉर्ड्स हव्यात. ही चाल घरातच आहे.

मग ‘डॉल्फिन’ची युक्ती घेतली. बेसनं एक षड्ज धरायचा, कमानीनं, अगदी हळू. मी वर फार थोडं, आणि जिथं दोन्ही गंधार, दोन्ही निषाद चालीत भेटतात तिथं कॉर्डनं कुणा एकाची बाजू घ्यायची नाही. मधली जागा मोकळी सोडायची. पियानोवर मींड नाही, हे दुःख कायमचं आहे. लताबाई ज्या सुरावरून ज्या सुरावर अलगद येतात तिथं माझ्याकडे दोन पट्ट्या आणि त्यांच्यामधली फट. त्या फटीवर नक्षी करण्यापेक्षा ती तशीच ठेवली. टेनरवाल्यांना मी वाजवायला सुचवलं, तर ते म्हणाले, “यात मी नको. मी ऐकतो.” ते काचेपलीकडे जाऊन बसले. ड्रमरनंही बहुतेक वेळ हात मांडीवर ठेवले. सोलो नाहीच.

कच्चं मिक्स आईला पाठवलं. ती गिरगावात, वय झालेलं, मोबाइलवर ऐकणार. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, “अगं, अंतरा कुठाय? मुखडा झाला आणि तू उठलीसच की.” मी वेळेसाठी एकच अंतरा धरला होता आणि तोही आखडता घेतला होता. तिला बाकी पियानोबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. “चाल पुरी कर,” एवढंच. स्टुडिओचा शेवटचा वेळ शिल्लक होता. आम्ही तिघं पुन्हा बसलो आणि अंतरा पुरा केला. आता ऐकताना वाटतं, त्या अंतऱ्यातच चाल खरी उलगडते. मुखडा तिची नुसती ओळख आहे.

पैशांचं सांगायचं तर, अमेरिकेत एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं पुन्हा रेकॉर्ड करायला गीतकार-संगीतकाराच्या वारसांची मर्जी लागत नाही, कायद्यानं ठरलेला दर भरला की झालं. २०२४ मध्ये तो पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला दर प्रतीमागे १२.४ सेंट होता. त्याहून लांब गाण्याला मिनिटांच्या हिशोबानं चढता. मला हे पैसे भरताना समाधान वाटलं. चाळीसच्या दशकातले वादक ज्या हेडला वळसा घालून गेले तिचं देणं या रेकॉर्डवर पै-पैनं चुकतं झालं आहे, आणि हेडच जर आमच्या वाजवण्याचा गाभा असेल तर ते चुकतं व्हायलाच हवं.

मिक्सिंगला आम्ही फारसं काही केलं नाही, करता येण्यासारखं नव्हतंच. ‘स्टेला’च्या पहिल्या कॉर्डपाशी मात्र रेकॉर्डिंग करणारा थांबला आणि त्यानं विचारलं की हा सूर असाच राहू द्यायचा का. बेसवादिका माझ्या आधी म्हणाली, “असाच.”

आता पुढची जुळवाजुळव चालू आहे. टेनरवाल्यांना जॉनी मँडेलची ‘एमिली’ हवी आहे, १९६४ च्या ‘द अमेरिकनायझेशन ऑफ एमिली’मधली. शब्द पुन्हा मर्सरचेच. ती तीनच्या तालात आहे आणि बीबॉपची वाक्यं चारात घडलेली. पॉवेलकडून उचललेलं काही तिच्यात सरळ बसत नाही. ड्रमरचं म्हणणं, सोलोला चारात जाऊ. टेनरवाले ऐकायला तयार नाहीत. वॉल्ट्झ म्हणून लिहिली आहे तर वॉल्ट्झच वाजवा, नाही तर दुसरी चाल निवडा. मी अजून कुणाच्याच बाजूनं बोललेले नाही. चित्रपट मागवला आहे, मूळ छापील प्रत ग्रंथालयातून काढली आहे, आणि शब्द पाठ करते आहे.